पाचवा माणूस

उंब्रज येथे तारळी नदी कृष्णेला मिळते. पुढे कराडला कृष्णेची आणि कोयनेची भेट होते, मग सांगलीवरून वाहत कृष्णा कर्नाटकात प्रवेश करते. गावालगतचा पुणे-बंगळूर महामार्गही कोल्हापूर, निपाणी ओलांडून बेळगावला जातो. पाणी अडत नाही, मालमोटारीही अडत नाहीत. परंतु या दोन राज्यांमधली सीमा नेमकी कोठून जावी हा प्रश्न मात्र १९५६ पासून अडलेला आहे. वातावरण तापले की सर्वांत आधी थांबते ती एस.टी.; आणि एस.टी. थांबली म्हणजे कोणाची वाट अडते, हे महामार्गाकाठच्या गावांना कोणी सांगावयास नको.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर साधे आहे. सीमातंटा म्हणजे दोन शेजाऱ्यांचा तंटा. तो बांधावर होतो, वाड्यावस्तीत होतो, राज्याराज्यांत होतो आणि राष्ट्राराष्ट्रांतही होतो. तो मिटविण्याची रीत मुलांना शाळेत शिकवली नाही, तर तो वाढविण्याची रीत त्यांना चौकात आयती शिकावयास मिळते. म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे, आणि त्यावरचे आमचे मतही आडपडदा न ठेवता मांडणार आहोत.

ते मत असे. शेजाऱ्यांचा तंटा मिटावयाचा असेल तर तीन गोष्टी आधी जमून याव्या लागतात. दोन्ही पक्षांना मान्य असा, दोहोंपैकी कोणाचाही नसलेला माणूस हवा. त्याने कोणत्या कसोट्यांवर निर्णय द्यावयाचा हे ठरलेले हवे. आणि निर्णय आपल्या विरुद्ध गेला तरी पाळू, हा शब्द निर्णय कळण्यापूर्वी दिलेला हवा. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात या तीन गोष्टी आजवर एकदाही एकत्र आल्या नाहीत. प्रश्न चिघळण्याचे हेच मोठे कारण आहे, असे आम्हांस वाटते.

या विचाराचा उगम शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ आपल्या बहुतेक वाचकांच्या घरी आहे. त्यातील रोहिणीच्या तंट्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. शाक्य आणि कोलिय ही शेजारची राज्ये. मध्ये रोहिणी नदी. तिचे पाणी दोन्ही काठांच्या शेतीला लागे, आणि आधी कोणी घ्यावे, किती घ्यावे यावरून वाद होत. एकदा हा वाद हातघाईवर आला, दोन्हीकडची माणसे जखमी झाली आणि शाक्यांच्या सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. संघाचा सदस्य असलेल्या सिद्धार्थ गौतमाने त्याला विरोध केला.

येथवरची कथा आपण व्याख्यानांत वारंवार ऐकतो. परंतु सिद्धार्थाने केवळ विरोध केला नाही, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. त्याने संघापुढे पर्यायी सूचना रीतसर मांडली. आगळीक कोणाकडून झाली याची चौकशी करावी. शाक्यांनी आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलियांना त्यांच्यातून दोन निवडावयास सांगावे, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. सूचनेला अनुमोदन मिळाले, सेनापतीने विरोध केला, मतदान झाले आणि मोठ्या बहुमताने ती फेटाळली गेली. त्यानंतर जे घडले त्यातून गृहत्यागाचा प्रसंग उभा राहिला.

या सूचनेतला हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. दोन आणि दोन मिळून चार होतात, आणि चारांत समसमान फूट पडली की बैठक उठते. पाचवा आला की ही कोंडी फुटते. पण तो केवळ संख्या विषम करण्यासाठी नाही. त्याला चौघांनी मिळून निवडले असल्यामुळे तो शाक्यांचाही नाही आणि कोलियांचाही नाही. आपल्या माणसांत परत जाऊन 'मी तुमच्यासाठी काय आणले' हे दाखविण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर नसते. उरलेल्या चौघांच्या डोक्यावर ते असतेच, आणि ते अपरिहार्यही आहे.

बाबासाहेबांनी या कथेचा शेवटही सांगितला आहे. सिद्धार्थ निघून गेल्यावर दोन्ही राज्यांतील लोकमत युद्धाच्या विरुद्ध गेले. शाक्यांनी पाच प्रतिनिधी निवडले, कोलियांनीही पाच निवडले, आणि या प्रतिनिधींनी रोहिणीच्या पाण्याचा प्रत्येक वाद सोडविण्यासाठी एक कायमचे लवाद मंडळ नेमले. त्याचा निर्णय पाळण्याचे दोन्ही पक्षांनी मान्य केले. म्हणजे तटस्थ निर्णय देणारे आले, पाळण्याचा शब्द आला, आणि व्यवस्था एका भांडणापुरती न राहता कायमची झाली.

पाच या संख्येशी आपल्या भाषेचेही जुने नाते आहे. तंटा मिटविणाऱ्याला आपण 'पंच' म्हणतो, आणि 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण खेडोपाडी आजही ऐकू येते. परंतु आपल्या समाजाने या म्हणीची दुसरी बाजूही सोसली आहे. गावकीचे पाचही पंच जेव्हा एकाच आळीतले असत, तेव्हा वेशीबाहेरच्या माणसाला त्यांच्या तोंडून कोणता निवाडा मिळे, हे सांगत बसण्याची गरज नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणून दुबळ्या पक्षाला 'मध्यस्थी' हा शब्द ऐकताच शंका येते, आणि ती रास्त आहे. नुसते पाच असून भागत नाही. पाचवा कोणी निवडला आणि त्याच्या हातात कोणती मोजपट्टी दिली, यावर सारे अवलंबून असते.

हे दोन प्रश्न मनात ठेवून आता आपल्या सीमाप्रश्नाकडे पाहू.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. मुंबई राज्यातील बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी भाषकांना हा अन्याय वाटला. त्या वर्षीच्या जानेवारीत झालेल्या आंदोलनात माणसे पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडली, आणि १७ जानेवारी हा दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव साजरा होतो, तर बेळगावात मराठी भाषक काळा दिवस पाळतात. एकाच शहरात, एकाच तारखेला एका घरावर गुढी आणि शेजारच्या घरात सुतक, असा हा प्रकार आहे.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतर लगेच, जून १९६० मध्ये दोन्ही राज्यांनी एक समिती नेमली. महाराष्ट्राचे दोन, म्हैसूरचे दोन, एकूण चार सदस्य. पाचवा नव्हता. व्हावयाचे तेच झाले. समितीचे एकमत झाले नाही. सिद्धार्थाने शाक्य संघात मांडलेल्या सूचनेतला शेवटचा अर्धा भाग गाळला तर काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

मग महाराष्ट्राने आयोगाची मागणी लावून धरली. सेनापती बापटांनी वृद्धापकाळी त्यासाठी उपोषण केले. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी केंद्र सरकारने भारताचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. आता पाचवा माणूस मिळाला होता. परंतु कसोट्यांवर दोन्ही राज्यांचे एकमत नव्हते. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चतु:सूत्री महाराष्ट्र मांडत होता. १९५६ ची सीमा मुळात कायम राहावी आणि बदल झालाच तर किरकोळ असावा, ही म्हैसूरची भूमिका होती. कोणत्या पट्टीने मोजावयाचे हेच न ठरवता दोघांनी जमीन मोजणाऱ्यासमोर ठेवली.

ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर या भागांतील २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, अशी शिफारस होती. बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहणार होते. म्हैसूरने अहवाल स्वीकारला, महाराष्ट्राने नाकारला. सर्वत्र एकच पट्टी लावली गेली नाही, विशेषतः बेळगावच्या बाबतीत, हा महाराष्ट्राचा आक्षेप होता; आणि त्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. तरीही एक गोष्ट उरतेच. आयोग मागणारे आपण होतो, आणि निवाडा हाती आल्यावर तो नाकारणारेही आपणच होतो. बंगळूरमध्ये गेली कित्येक दशके हेच एक वाक्य पुन्हा पुन्हा बोलले जाते, आणि त्याला आपल्याजवळ छोटेसे उत्तर नाही. लांबलचक उत्तर आहे. परंतु तंट्यात लांबलचक उत्तर देणारा पक्ष ऐकणाऱ्याला नेहमीच दुबळा वाटतो.

मग या देशात सीमेचे वाद कधी मिटलेच नाहीत काय? मिटले आहेत, आणि त्यातला एक तर एका मराठी माणसाच्या मध्यस्थीने मिटला आहे. आंध्र आणि मद्रास या राज्यांमध्ये सीमेवरील गावांचा वाद होता. तेव्हा केंद्रीय मंत्रिमंडळात काम केलेले खानदेशचे नेते हरि विनायक पाटसकर यांना मध्यस्थ नेमण्यात आले. पाटसकर तमिळही नव्हते आणि तेलुगूही नव्हते. गाव हा घटक धरून, सलगता आणि भाषिक बहुसंख्या पाहून त्यांनी निवाडा दिला. त्याला अनुसरून १९५९ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तो अमलात आला. तिरुत्तणी मद्रासकडे आले, काही गावे आंध्रकडे गेली. प्रत्येकाला काही सोडावे लागले, आणि तरीही दोन्ही राज्ये पुढे चालू लागली. महाराष्ट्र आज ज्या चतु:सूत्रीचा आग्रह धरतो, ती याच निवाड्याचा दाखला देऊन. त्या निवाड्यातल्या कसोट्या आपण उचलल्या. त्याच्या मुळाशी असलेली काही सोडण्याची दोन्ही बाजूंची तयारी मात्र आपल्याकडे आली नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या दारावरून वाहते. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांचा वाद होता. १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. १९७३ मध्ये निर्णय आला आणि १९७६ मध्ये तो अंतिम झाला. महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० अब्ज घनफूट पाणी, अशी वाटणी झाली. आपला वाटा कमी पडला ही खंत महाराष्ट्रात होती आणि आहे. तरीही धरणे याच आकड्यांच्या मर्यादेत बांधली गेली. पुढे दुसरा लवाद आला, अलमट्टीच्या उंचीवरून वाद झाला, आणि २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर तो अधिक तीव्र झाला. असे असूनही पावसाळ्यात कोयनेतून किती पाणी सुटले आणि अलमट्टीतून किती सुटते, याविषयी दोन्ही राज्यांचे अभियंते एकमेकांशी बोलतात.

हीच दोन राज्ये आणि हेच काठ. मग पाण्याच्या बाबतीत लवाद मानला गेला आणि जमिनीच्या बाबतीत का नाही? कारण पाण्यासाठी १९५६ चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा होता. लवादाचा निर्णय राजपत्रात प्रसिद्ध झाला की तो पाळावयाचाच, हे वाद सुरू होण्यापूर्वी ठरलेले होते. राज्यांच्या सीमेसाठी अशी व्यवस्था नाही. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला आहे; आयोगाचा अहवाल ही केवळ शिफारस ठरते. सांगायचे तर, कृष्णेच्या काठी राहणाऱ्यांना रोहिणीचे लवाद मंडळ पाण्यापुरते मिळाले आहे. जमिनीपुरते ते अजून मिळावयाचे आहे.

राष्ट्राराष्ट्रांच्या सीमांकडे पाहिले तरी हाच धडा मिळतो. १९४७ मध्ये पंजाब आणि बंगाल यांच्या फाळणीसाठी जे दोन सीमा आयोग नेमले, त्या प्रत्येकात काँग्रेसने सुचविलेले दोन न्यायाधीश, मुस्लिम लीगने सुचविलेले दोन आणि अध्यक्ष म्हणून सर सिरिल रॅडक्लिफ, अशी रचना होती. दोन, दोन आणि पाचवा! बाहेरून पाहता ही रचना थेट रोहिणीच्या सूचनेसारखी दिसते. पण रॅडक्लिफ यांनी त्यापूर्वी भारत पाहिलेलाही नव्हता. ८ जुलैला ते आले, आणि दोन प्रांत कापण्यासाठी त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. धर्मवार बहुसंख्येच्या सलग प्रदेशांबरोबर 'अन्य बाबी' विचारात घ्याव्यात असे त्यांना सांगितले होते, मात्र त्या बाबी कोणत्या हे कोणी लिहून दिले नव्हते. निवाडा स्वातंत्र्यानंतर, १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. तोवर लाखो माणसांना आपले घर कोणत्या देशात आहे हेच ठाऊक नव्हते. पाचवा माणूस हे काही रामबाण औषध नाही. त्याला काळ, कसोटी आणि प्रदेशाची ओळख दिली नाही, तर त्याची लेखणी तलवारीइतकीच घाव करते.

याउलट कच्छच्या रणाचे उदाहरण. एप्रिल १९६५ मध्ये तेथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात चकमकी झाल्या. ब्रिटिश पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जूनला करार झाला. दोन्ही देशांनी एकेक सदस्य सुचवावा, अध्यक्षाबाबत एकमत न झाल्यास तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या सरचिटणीसांनी नेमावा, आणि निवाडा दोघांवरही बंधनकारक राहील, असे ठरले. भारताने युगोस्लाव्हियाच्या आलेश बेबलर यांना सुचविले, पाकिस्तानने इराणच्या नसरुल्ला इंतेझाम यांना. स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन अध्यक्ष झाले. कराराची शाई वाळते न वाळते तोच दोन्ही देशांत मोठे युद्ध झाले. तरीही हा लवाद मोडला नाही. जिनिव्हात त्याचे काम चालू राहिले. १९ फेब्रुवारी १९६८ रोजी दोन विरुद्ध एक अशा मतांनी निवाडा आला. पाकिस्तान सुमारे ३,५०० चौरस मैलांवर हक्क सांगत होता. त्याच्या सुमारे एक दशांश भाग त्याला मिळाला आणि उरलेला भारताकडे राहिला.

आपल्या संसदेत त्यावर गदारोळ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सरकारने मात्र दिलेला शब्द पाळला, सीमेवर खांब रोवले गेले आणि लवादाने आखलेली ती रेषा पक्की झाली. एक दशांश भूमी गेली याचे दुःख कोणाला झाले नसेल असे नाही. परंतु ज्या सीमेचा निर्णय लवादाने केला, तिच्यापायी पुन्हा सैन्य समोरासमोर उभे करावे लागले नाही. वाचलेले जीव कोणत्याही नकाशावर दाखविता येत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेब आपण सहसा धरत नाही.

कच्छच्या कराराच्या आणि त्या युद्धाच्या काळात भारताचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. देवराष्ट्रे ही त्यांची जन्मभूमी, कराड ही कर्मभूमी, आणि उंब्रजपासून थोड्या अंतरावर प्रीतिसंगमाशी त्यांची समाधी. जानेवारी १९६६ मध्ये सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने ताश्कंदला बोलणी झाली, तेव्हा लालबहादूर शास्त्रींबरोबर यशवंतरावही गेले होते. १० जानेवारीला जाहीरनाम्यावर सह्या झाल्या. २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परतावे असे ठरले. जवानांनी रक्त सांडून जिंकलेली हाजीपीर खिंड भारताला परत द्यावी लागली. त्याच रात्री शास्त्रीजींचे निधन झाले. ताश्कंदने युद्ध थांबविले, मूळ वाद मिटविला नाही. कोसिगिन मध्यस्थ होते, लवाद नव्हते. त्यांनी दोघांना एका मेजाशी बसविले, निवाडा देण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. मध्यस्थ बोलणी घडवितो, लवाद निर्णय देतो. या दोहोंतला फरक ओळखला नाही की मध्यस्थाकडून निवाड्याची अपेक्षा होते आणि लवादाचा निर्णय सल्ल्यासारखा बाजूला ठेवला जातो. महाजन आयोगाच्या बाबतीत दुसरी चूक झाली.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. न्यायालय हाही एक पाचवा माणूसच. परंतु सीमा ठरविणे हे संसदेचे काम आहे, न्यायालयाचे नव्हे, अशी कर्नाटकाची भूमिका आहे. २०२२ च्या अखेरीस वातावरण पुन्हा तापले. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावले, आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती नेमण्याचे ठरले. तीन आणि तीन, सहा. सातवा नाही! पुढे त्याच महिन्यात कर्नाटकाच्या विधिमंडळाने एक इंचही भूमी न देण्याचा आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव केला. बासष्ट वर्षांनंतरही आपण १९६० च्या चारांच्या समितीपाशीच उभे होतो.

यावर काही वाचक विचारतील, जे हक्काचे आहे त्यासाठी मध्यस्थ कशाला? ज्यांच्या घरातला माणूस हुतात्मा झाला, त्यांना 'काही सोडा' असे कोणत्या तोंडाने सांगावे? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला झटकून टाकण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु हुतात्म्यांनी प्राण दिले ते आपल्या माणसांना आपल्या भाषेत शिकता यावे, कागद वाचता यावा, न्याय मागता यावा म्हणून. सात दशकांच्या वाट पाहण्यात सीमाभागातील मुलांच्या दोन-तीन पिढ्या शाळा सोडून मोठ्या झाल्या. वाद जिवंत ठेवणे म्हणजे हुतात्म्यांची आठवण जिवंत ठेवणे नव्हे.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सहा मंत्र्यांच्या समितीवर दोन्ही राज्यांनी मिळून निवडलेला, दोहोंपैकी कोणत्याही राज्याचा नसलेला सातवा माणूस अध्यक्ष म्हणून बसवावा. दुसरी, दोन्ही विधिमंडळांनी कसोट्या आधी मान्य कराव्यात आणि निवाडा काहीही असला तरी तो संसदेकडे एकत्र घेऊन जाऊ, असा ठराव निवाड्यापूर्वी करावा. यात महाराष्ट्राने पुढाकार घ्यावा असे आम्ही आग्रहाने म्हणतो, कारण १९६७ चे ते वाक्य पुसण्याचा दुसरा मार्ग नाही. आणि चतु:सूत्री मान्य असेल, तर ती खानापूरला लावताना जतलाही लावावी लागेल, ही तयारी ठेवावी. आपल्या बाजूने सोयीची तेवढी मोजपट्टी वापरणाऱ्याच्या हाती कोणी शहाणा माणूस जमीन मोजावयास देत नाही.

तिसरी सूचना सीमा ठरण्याची वाट न पाहता आजच करता येण्यासारखी आहे. संविधानाचा ३५० क हा अनुच्छेद भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्याला सांगतो. बेळगावच्या मराठी मुलासाठी तो जितका आहे, तितकाच जतच्या कन्नड मुलासाठी आहे. २०२२ मध्ये जत तालुक्यातील गावांचा विषय कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी काढला, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला, आणि पाठोपाठ विस्तारित म्हैसाळ योजनेला वेगही आला. तहानलेल्या गावाला पाणी मिळण्यासाठी शेजारच्या राज्याने हाक द्यावी लागावी, हे आपल्याला भूषणावह नाही. आपल्या ताब्यातील कन्नड भाषकांना आपण जसे वागवू, तोच बेळगावच्या मराठी भाषकांच्या बाजूने आपला सर्वांत मोठा पुरावा ठरेल. शाळा, दाखले, पाणी आणि एस.टी. या चार गोष्टींसाठी दोन्ही राज्यांचे एक कायमचे मंडळ नेमले, तर सीमेचा निवाडा होईपर्यंत सीमेवरची माणसे निदान माणसांसारखी जगतील.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही निवासी शाळेत राहता. खाटेच्या जागेवरून, नळावरच्या पाळीवरून, मैदानाच्या वेळेवरून तंटे होतात आणि ते तुम्हालाच मिटवावे लागतात. अशा वेळी तुम्ही कधी वादी असता, कधी प्रतिवादी. पण कधी तरी दोन्ही बाजू तुमच्याकडे पाहतील आणि म्हणतील, 'तू सांग.' तो मान कोणाला आपोआप मिळत नाही. मित्राच्या चुकीला चूक म्हणणाऱ्याला, आणि ज्याच्याशी आपले पटत नाही त्याचे खरे असेल तर ते खरे म्हणणाऱ्याला तो मिळतो. अशी माणसे प्रत्येक वर्गात दोन-चार निघाली, तर उद्या दोन राज्यांना, कदाचित दोन राष्ट्रांनाही, पाचवा माणूस शोधण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही.

शाक्यांच्या संघात त्या दिवशी सिद्धार्थाची सूचना बहुमताने फेटाळली गेली, आणि तिच्यातला विचार शाक्य व कोलिय यांना पुढे स्वीकारावाच लागला. बहुमत मिळाले नाही म्हणून सूचना चुकीची ठरत नाही. ती पुन्हा मांडावी लागते, एवढेच. आम्ही ती येथे पुन्हा मांडली आहे.